शुभाला इंग्रजीत काय म्हणायचं

१९ जानेवारी १९७७, बुधवार

आज मालकांनी, पंचाक्षरीशेठनी, स्वतः खुर्ची पुढे सरकवली, तेव्हाच ओळखलं की काम साधं नाही. मुंबईच्या एजंटाचा निरोप आलाय. जर्मनीतलं एक मोठं दुकान आपल्या सोलापुरी चादरी घेईल असं दिसतंय, पण चादरीच्या कोपऱ्यात विणलेलं इंग्रजी नाव पाहिजे. आणि ते शुभ अर्थाचंच पाहिजे, हा शेठचा हट्ट.

"हेमाबाई, तुम्ही इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या. आपल्या 'शुभ'ला इंग्रजीत काय म्हणतात, तेवढा एक शब्द काढा. झालं."

मी म्हटलं, "लकी."

"लकी नको. लकी टेलर आहे, लकी सोडा आहे, आमच्या घरामागं लकी पंक्चरवाला आहे. जरा भारदस्त काढा की."

कारखान्यात येऊन मला दोन वर्षं झाली, पत्रं टाइप करण्यापलीकडे कुणी काही विचारलं नव्हतं. घरी येऊन मामांना सांगितलं. मामा म्हणजे माझे सासरे, शिवप्पा. राजशेखर काविळीनं गेले तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. माहेरी परत पाठवायच्या ऐवजी मामांनी मला कॉलेजात घातलं. पेठेतले लोक तेव्हा काय काय बोलले. मामा ज्वारीचे व्यापारी, दुकानात माप करता करता ऐकून घ्यायचे. आता दुकान विकलंय आणि घरात आम्ही दोघंच.

मामा म्हणाले, "एकच शब्द ना? होऊन जाईल की."

बाहेर गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे फिरतायत. शुक्रवार पेठेतल्या बायका नव्या साड्या नेसून निघाल्या होत्या. मी खिडकीत उभी राहून थोडा वेळ बघितलं.

२७ जानेवारी, गुरुवार

एक शब्द नाही, शब्दांचं कुटुंबच निघालं. कॉलेजच्या लायब्ररीतून मोठा शब्दकोश मागून आणलाय. लकी, फॉर्च्युनेट, फेव्हरेबल, प्रॉपिशस, ऑस्पिशस. तोंडवळा सगळ्यांचा सारखा, स्वभाव निराळे.

कुठलाही शब्द ठरला तरी तो काढणार रामहरी. आमच्याकडे डिझाइनचे कागद तोच करतो. बारीक चौकटीच्या कागदावर चौकटी रंगवत जायचं, त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पडतात, आणि माग त्या भोकांप्रमाणे फूल उठवतो. तो भीमेकाठच्या पिंपळसोंडचा. बहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलं असं मालकच एकदा म्हणाले होते. मुकाट्यानं काम करणारा माणूस. आज जेवणाच्या सुट्टीत मात्र माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"बाई, शब्द झाला का? मला त्याची अक्षरं बघायची हुती."

मी म्हटलं अजून नाही, आणि त्याला फरक सांगत बसले. लकी म्हणजे आपण काही न करता पदरात पडलेलं. वाटेत नाणं सापडलं, तर लकी. फॉर्च्युनेट जरा पोक्त. बरंच आयुष्य गेल्यावर मागं वळून माणूस म्हणतो, मी फॉर्च्युनेट.

"आन फेव्हरेबल?"

"वारा आपल्या बाजूचा असला की फेव्हरेबल."

"ह्ये कळलं. आमच्याकडं होडीवाले रोज त्येच बघत्यात." मग म्हणाला, "तुमी सांगितलं की कसं डोस्क्यात बसतंय."

त्याला इंग्रजीची एवढी आवड असेल असं वाटलं नव्हतं.

८ फेब्रुवारी, मंगळवार

रामहरी गावाहून हरभऱ्याचे डहाळे घेऊन आला. ऑफिसात आम्ही चौघं-पाचजण असतो, पण जुडी नेमकी माझ्या टेबलावर ठेवली. माझं टेबल दाराजवळ आहे ना.

"यंदाचाच. पुढच्या साली त्या रानात पानी. धरणाचं."

"मग तुम्ही लोक कुठं जाणार?"

"वर माळावर पलाट आखून दिल्यात. चुन्याच्या रेघा वडल्यात नुसत्या. आई रोज जाऊन बघून येती, घर कुटं आन चूल कुटं."

इतका वेळ सुदैवाची विशेषणं शोधत बसल्यावर दुर्दैवाचं एकही जवळ नव्हतं.

मामांचं मात्र काहीतरी बिनसलंय. काल विचारत होते, भाकरीच्या पिठाला पाणी गरम लागतं की गार. आज उजव्या हाताची दोन बोटं भाजलेली दिसली. विचारलं तर म्हणाले, चहा सांडला. माझ्या हातचं आवडेनासं झालं असेल का? भाकरी हल्ली जाड होते, हे खरं आहे.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज शब्दकोशात ऑस्पिशसचं पान वाचलं आणि बराच वेळ तिथंच थांबले.

ऑस्पिशस म्हणजे शुभच. पण तो आरंभाचा शब्द. मुहूर्त ऑस्पिशस, शकुन ऑस्पिशस, सुरुवात ऑस्पिशस. माणसाला तो सहसा लावत नाहीत. आणि उलटा शब्दही तसाच, वेळेला लावतात, घटनेला लावतात.

म्हणजे इंग्रजीत वेळ अशुभ असते, बाई नसते.

हे कुणालातरी सांगावंसं वाटलं. मालकांना सांगून काय करणार? रामहरी कागद रंगवत होता, त्याला सांगितलं. त्यानं ब्रश पाण्यात ठेवला.

"आमच्या गावात तर माणसालाच म्हनत्यात, बाई."

"आमच्याकडंही."

"मग ह्यो शब्द चांगला हाय. ह्यो घ्या."

मी म्हटलं, चांगला आहे, पण मालकांना उच्चारता यायचा नाही. तो हसला नाही. ब्रश पाण्यातून काढून फडक्याला पुसायला लागला. मी टेबलाशी परत आले आणि तीन पत्रं टाइप केली, तिन्हींत चुका.

९ मार्च, बुधवार

शब्द ठरला. फॉर्च्युनेट.

मालकांना ऑस्पिशस म्हणता येईना. तीनदा प्रयत्न केला, तिसऱ्या वेळी ठसका लागला. प्रॉपिशसला म्हणाले, "हे औषधाचं नाव वाटतंय." मी शेवटी समजावलं, "ऑस्पिशस आधी म्हणायचं असतं, फॉर्च्युनेट नंतर. चादर गिऱ्हाईक अंगावर घेणार, रात्रभर ऊब लागणार, सकाळी उठून त्याला जे वाटेल ते नाव पाहिजे." मालक खूश झाले. "हे एजंटाला असंच लिहा. असंच्या असं."

रस्त्यावर निवडणुकीचे भोंगे दिवसभर ओरडत होते, त्यात आमचा कारखाना सुटल्याचा भोंगा कधी झाला कळलंच नाही. सगळे निघून गेले तरी रामहरी अक्षरं आखत होता. "एफला जरा वळण देतो, तुमी लिवता तसं," म्हणाला. मी कसा एफ काढते ते त्यानं कधी पाहिलं कोण जाणे.

पाडवा

पहिली फॉर्च्युनेट चादर आज मागावरून उतरली. मालकांच्या पत्नी, दाक्षायणीअक्का, पूजेचं ताट घेऊन आल्या होत्या. मागाला हार, माग लावून देणाऱ्या जोडाऱ्याला नारळ, गूळखोबरं. सगळे मागाभोवती गोळा झाले. मीही गेले. शब्द माझाच ना.

अक्कांनी हलकेच खांद्याला हात लावला. त्या कधी टाकून बोलत नाहीत. "हेमावती, तू जरा ऑफिसात बस गं. मुंबईचा फोन यायचाय."

फोन सकाळपासून बंद होता. मी जाऊन त्याच्यासमोर बसले.

थोड्या वेळानं रामहरी आत आला आणि समोरच्या स्टुलावर बसला. मी म्हटलं, "अहो, तिथं तुम्हाला शोधत असतील. डिझाइन तुमचं आहे." तो म्हणाला, "माजं काय काम तितं." बाहेर नारळ फुटल्याचा आवाज आला, टाळ्या झाल्या. आम्ही दोघं त्या बंद फोनकडे बघत बसलो. त्याला धुपाचा त्रास होत असावा.

मामांना अक्कांचं सांगणार नव्हते, पण चेहरा बघून त्यांनी काढून घेतलं. फार चिडले. "आपल्या लिंगायतांत जन्म-मरणाची, विटाळाची अशी पाच सुतकं मानत नाहीत म्हणून मठात मोठमोठ्यानं सांगतात. मग हे सहावं कुठून काढलं?" मग एकदम माझ्याकडे वळले. विचारलं, "तुझ्याबरोबर कोण बसलं होतं म्हणालीस?"

१३ एप्रिल, बुधवार

शब्द ठरून महिना झाला, तरी रामहरीचे प्रश्न संपले नाहीत. हॅपी आणि लकी यांचं नातं काय, ब्लेस्ड कुणी कुणाला म्हणायचं. मला आवडतं सांगायला. खरं लिहायचं तर आता मी रात्रीच ठरवून ठेवते, उद्या कुठला शब्द सांगायचा.

आज त्यानं वेगळंच विचारलं. दुपारची वेळ, बाकीचे चहाला गेलेले.

"बाई, समजा एक मानूस हाय. त्याला एक बाई रोज दिसती, रोज बोलती. तर त्या मानसाला लकी म्हनायचं का फॉर्च्युनेट?"

मी विचार करून सांगितलं, "ते किती दिवस चालणार, त्यावर आहे. थोडे दिवस असेल तर लकी. कायमचं असेल तर फॉर्च्युनेट."

"आन कायमचं कसं व्हायचं?"

"ते शब्दकोशात नसतं," मी म्हटलं. आणि तेवढ्यात लक्षात आलं. गावाकडे लग्न ठरलं असणार! इतके दिवस गप्प का होता तेही कळलं. मी हसून म्हटलं, "कळलं हो, कळलं. लग्नाला आम्हाला विसरू नका. मामांना घेऊन येईन."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग "बरं" म्हणाला, आणि कागदाची गुंडाळी उचलून मागांकडे गेला. चहा तसाच राहिला त्याचा.

लाजला असेल. चांगली मुलगी मिळो. माणूस चांगला आहे.

आज जेवण गेलं नाही. उन्हाळा फारच सुरू झालाय.

७ मे, शनिवार

रामहरीनं काम सोडलं. पावसाळ्यात पाणी गावठाणात शिरणार म्हणतात, त्याआधी घर उतरवून वर न्यायचंय. दारं, तुळया, पत्रे, सगळं. वडील अंथरुणाला खिळलेले. मालक म्हणाले, दिवाळीनंतर परत ये. तो म्हणाला, सांगता येत न्हाय.

जाताना माझ्या टेबलाशी आला. मला वाटलं लग्नाची तारीख सांगेल. "येतो, बाई. लई शिकवलं तुमी," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "जपून." याहून बरा शब्द सापडला नाही. एवढा शब्दकोश वाचून.

२१ जून, मंगळवार

जर्मनीची मागणी आली. पेढे वाटले. नवा डिझाइनवाला निंगप्पा हुशार आहे, भराभर काम करतो, गाणीही म्हणतो. काही विचारत नाही.

मी अजूनही दुपारी एखादा शब्द काढून ठेवते. आज प्रॉव्हिडेन्शियल सापडला. आयत्या वेळी देवानंच धाडल्यासारखं जे घडतं ते. हा रामहरीला आवडला असता. त्यानं विचारलं असतं, "म्हंजी होडी बुडताना फळी सापडावी तसं का?"

त्याच्या बायकोला तो असं काही विचारत असेल का? ती काय सांगत असेल?

१४ जुलै, गुरुवार

जिन्यात कुणाचं तरी पाऊल वाजलं की मान वर होते. निंगप्पा असतो. दरवेळी निंगप्पाच असतो, आणि दरवेळी मला त्याचा राग येतो. बिचाऱ्याचा काय दोष.

मामा विचारत होते, आजकाल दुपारी काय शिकवतेस त्या लोकांना. म्हटलं, कुणाला? तर म्हणाले, "ते शब्द विचारणारं पोरगं होतं की." म्हटलं, ते गेलं. "कुठं गेलं?" असं त्यांनी विचारलं, पण आवाज असा की जणू त्यांना ठाऊक आहे आणि माझ्याकडून ऐकायचंय. वयामुळे होत असेल.

३० ऑगस्ट, मंगळवार

वर्तमानपत्रात आलंय, धरणात पाणी चढतंय, काठची गावं रिकामी झाली. गावांची नावं दिलेली नाहीत. दोनदा वाचलं.

३ ऑक्टोबर, सोमवार

आज जे झालं ते सगळं लिहिते.

वीज गेली म्हणून कारखाना दुपारीच सुटला. घरी आले तर दार लोटलेलं, आत धूर. मामा चुलीपुढे बसले होते, धोतर पिठानं भरलेलं, आणि तव्यावर भाकरी. गोल, पातळ, टम्म फुगलेली. बाजूला दुरडीत अजून तीन.

मी म्हटलं, "मामा, हे काय? माझं काही चुकलं का? माझ्या हातचं आवडत नाही का?"

"खुळी आहेस का?" ते म्हणाले. तवा उतरवला, हात झटकले. "जानेवारीपासून शिकतोय. आत्ता कुठं जमायला लागली. मला एकट्याला करून खाता आलं पाहिजे, नाहीतर तू कधीच जाणार नाहीस."

"कुठं जाणार नाही?"

मामांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाले, "त्या पोराला काय सांगितलंस तू?"

रामहरी गावी जायच्या आधी इथं येऊन गेला होता. मी कारखान्यात असताना. मामांच्या पुढ्यात खाली बसला आणि म्हणाला, बाईंना मागणी घालायची होती, ते तुमच्या कानावर घालून जावं. जातीचं, पाण्यात चाललेल्या घराचं, सगळं स्वतःच सांगितलं. मामा म्हणाले, "मला काय विचारतोस? तिला विचार." त्यावर तो म्हणाला, "इचारलं. त्या हसल्या. म्हनल्या, लग्नाला बोलवा."

मी भिंतीला टेकून खाली बसले.

"मला वाटलं, तुझ्या मनात नाही," मामा म्हणाले. "आपण कशाला मध्ये पडा. पण मग तुझं जेवण तुटलं. पाच महिने बघतोय, भाकरीचा एक पापुद्रा काढतेस आणि ताट सारतेस. आता साकू." कळवळले की मामांच्या तोंडी कानडी येतं. "पुरे झालं हे."

"पण मामा, मला खरंच कळलं नव्हतं."

"काय कळलं नव्हतं?"

"की तो माझ्याबद्दल विचारत होता."

मामा हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. "आणि म्हणे बी.ए."

मग त्यांनी गरम भाकरी माझ्या ताटात टाकली, वर शेंगाचटणी, त्यावर तेल. म्हणाले, "खा. राजू माझा एकच होता. त्याच्यामागं तुला धरून ठेवलं तर तो परत येणार आहे का?" राजशेखरचं नाव त्यांनी सहा वर्षांत घरात घेतलं नव्हतं. आम्ही दोघंही रडलो. भाकरीला मीठ घालायला ते विसरले होते, मी सांगितलं नाही.

९ ऑक्टोबर, रविवार

पहाटेच्या एस.टी.नं टेंभुर्णी, तिथून दुसरी गाडी. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणाकडे? मी म्हटलं, ओळखीचे आहेत. सहा महिन्यांत लग्न झालंही असेल, हा विचार मनात होताच. झालं असेल तर आहेर देऊन परत फिरायचं, म्हणून पिशवीत एक चादर घेतली होती. फॉर्च्युनेट.

नवं पिंपळसोंड म्हणजे उघडा माळ. सरळ रेघांत पत्र्याच्या खोल्या, एक झाड नाही. पत्ता विचारत गेले. एक म्हातारी दारात बाजरी पाखडत होती.

"कुनाकडं?"

"रामहरींकडं. मी सोलापूरच्या कारखान्यात असते."

तिचं सूप थांबलं. "इंग्लिश शब्दवाल्या बाई व्हय तुमी?"

ही गोजरबाई, त्याची आई. आत खाटेवर वडील पडून होते, त्यांनी नुसते हात जोडले. घरात तिसरं माणूस दिसेना. दोरीवर पातळं होती ती म्हातारीचीच. मी नजरेनं सगळं घर तपासलं, हे कबूल करायला हवं.

"त्यो पान्यावर गेलाय, तुळया आनाया. चा घ्या."

मी चहा घेतला आणि उतरणीवरून खाली गेले. एवढं पाणी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. एक होडी येत होती, तिच्यावर आडव्या दोन तुळया. जवळ आल्यावर त्यानं मला पाहिलं आणि वल्हं हातात धरून तसाच उभा राहिला. काळवंडला होता, वाळला होता.

"बाई, तुमी? मालकानं धाडलं का?"

"नाही. माझी मी आले."

त्यानं तुळया उतरवल्या. हात पुसले. शेवटी म्हणाला, "अजून एक खेप हाय. देवळाजवळ चौकट राहिलीया. येता का?"

मी होडीत बसले. तो वल्हवत होता आणि मधूनमधून सांगत होता. ही आमची गल्ली. हितं शाळा. हितं आमची वसरी, हितं बैल बांधायचो. मी वाकून बघायची, तर गढूळ पाण्याशिवाय काही नाही. एका पिंपळाचा शेंडा तेवढा वर होता, त्यावर बगळे बसले होते.

एस.टी.त मी बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेना.

"मामांनी सांगितलं," मी म्हटलं. "तुम्ही येऊन गेलात ते."

तो वल्हवत राहिला.

"एप्रिलमध्ये तुम्ही एक शब्द विचारला होता. माझं उत्तर चुकलं."

"चुकलं न्हवतं. कायमचं असंल तर फॉर्च्युनेट. बरूबर हुतं."

"तो माणूस तुम्ही आणि ती बाई मी, हे मला कळलं नव्हतं."

वल्हं थांबलं. होडी आपली आपण फिरायला लागली.

"आन कळलं असतं तर?"

"तर लग्नाचं आमंत्रण मागितलं नसतं."

तो खाली बघून हसला. मी त्याला इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. पण ते लगेच विरलं.

"बाई, मी आता सोलापूरला यायचो न्हाय. आबा असं पडल्यात. रान नवं हाय, नुसता मुरूम. शाळेत ड्राइंगला मास्तर पायजे म्हनत्यात, ते झालं तर झालं. हितं नळ न्हाय, झाड न्हाय, सावली न्हाय. तुमाला या म्हनायला मला तोंड कुटं हाय?"

"मला मामांना टाकून येता येणार नाही."

"त्यांना टाका म्हनलं कुनी?"

देवळाजवळच्या उंचवट्यावर दाराची चौकट दोरानं बांधून ठेवलेली होती, ती मी एका बाजूनं धरली. फार जड होती. दोघांनी मिळून होडीत घातली आणि परत आलो. त्या सबंध वाटेत त्यानं एकदाच विचारलं, "थंडी वाजती का?" मी नाही म्हटलं. वाजत होती.

निघताना गोजरबाई गाडीपर्यंत आल्या. वाटेत म्हणाल्या, "तुमी लिंगायत न्हवं?"

"हो."

"लोकं नावं ठिवतील. तुमच्यातली बी आन आमच्यातली बी."

"ठेवतील."

"मला बी लगीच ग्वाड वाटंल असं न्हाय. खोटं कशाला बोलू?" एस.टी.चा धुरळा दिसल्यावर म्हणाल्या, "पर त्यो सा म्हैने झालं नीट जेवला न्हाय."

चादर मी त्यांच्याच हातात दिली. काय म्हणून दिली ते मला सांगता आलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. रामहरी काठावरूनच बघत होता, वर आला नाही. गाडी वळेपर्यंत मला तो दिसत होता, नंतर नुसतं पाणी, आणि मग तेही नाही. टेंभुर्णीपर्यंत मी काचेला डोकं टेकून बसले. आत्ताच निघाले आणि आत्ताच परत जावंसं वाटत होतं. राजशेखर गेले तेव्हा माझं काही सरलं होतं. हे तसं नाही. हे अजून सुरूही झालेलं नाही, आणि तरी इतकं दुखतं.

१० ऑक्टोबर, सोमवार

काल मामांनी काही विचारलं नाही. आज सकाळी चहा ठेवला आणि समोर बसले. मी सगळं सांगितलं. माळ, पत्रे, पाणी, खाटेवरचे वडील. गोजरबाई काय म्हणाल्या तेही गाळलं नाही. तो इकडे येणार नाही, आणि तुम्हाला सोडून मी तिकडे जाणार नाही, असं म्हटलं. 'त्यांना टाका म्हनलं कुनी' हे मात्र सांगायला धीर होईना. शेवटी तेही सांगितलं.

मामा बशीतला चहा फुंकत राहिले. खाली गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. हे घर त्यांच्या वडिलांनी घेतलेलं. मठ दोन गल्ल्या सोडून. सगळे सोबती इथं, रोज संध्याकाळी तळ्यावर बसणारे. मी म्हटलं, "मामा, जाऊ द्या. भेट झाली, पुष्कळ झालं."

त्यांनी बशी खाली ठेवली.

"तिथली ज्वारी कशी आहे?"

"अं?"

"ज्वारी, ज्वारी. त्या माळावर कसली येते? मालदांडी येते का?"

"मी नाही बघितली, मामा. मी पाण्याकडंच बघत होते."

"ते दिसतंयच," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी परत जा. आणि या वेळी नीट बघून ये. नाहीतर थांब, तुला काय कळणार आहे दाण्यातलं. मीच येतो."

मी कारखान्यात उशिरा पोचले. मालकांनी कारण विचारलं, मी म्हटलं, ज्वारीचं काम होतं. आज सोमवार आहे, रविवारला अजून सहा दिवस.